गतकुळ ते निष्क्रिय खाते : सोलापूरच्या गिरणी कामगाराचा 'फंड' कुठे राहिला?

१/
'बेवारस' हा शब्द आपण रोज ऐकतो. 'बे' हा फारसी उपसर्ग आणि 'वारस' हा अरबी मुळाचा शब्द. ज्याला वारस नाही तो बेवारस. पण एखादा माणूस गिरणीत तीस वर्षे राबला, त्याच्या पगारातून दरमहा कापलेली रक्कम सरकारी दप्तरात पडून आहे, आणि त्याची नातवंडे त्याच शहरात राहतात, तर त्या रकमेला बेवारस म्हणावे काय? सोलापूरच्या संदर्भात हा प्रश्न काल्पनिक नाही. आजचा धागा या न मागितलेल्या पैशाच्या इतिहासाविषयी आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
प्रथम प्राचीन धर्मशास्त्र पाहू. धनी सापडत नाही अशा मालाचे राजाने काय करावे, हा प्रश्न मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात येतो. तिथला नियम असा : राजाने तो माल तीन वर्षे राखावा; त्या मुदतीत धनी आला तर त्याने तो न्यावा; मुदत उलटल्यावर राजाने घ्यावा. याज्ञवल्क्य स्मृतीने ही मुदत एका वर्षाची सांगितली आहे. दोन स्मृतींची दोन उत्तरे. टीकाकारांपुढे साहजिकच पेच उभा राहिला.

३/
हा पेच सोडवणारा टीकाकार आपल्या परिसरातला आहे. विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणात, सहाव्या विक्रमादित्याच्या काळी होऊन गेला. सोलापूरचा मुलूख तेव्हा याच राज्यात मोडत होता. याज्ञवल्क्य स्मृतीवरील त्याची 'मिताक्षरा' ही टीका पुढे हिंदू वारसाकायद्याचा आधारस्तंभ ठरली. बेवारस मालाविषयी तिने दिलेला निवाडा मात्र फारसा चर्चिला जात नाही.

४/
विज्ञानेश्वर म्हणतो : मुदतीनंतर राजाला तो माल खर्च करण्याची मोकळीक आहे. पण त्यानंतरही धनी आला, तर राजाने राखणीचा आपला वाटा वजा करून उरलेल्या किमतीइतके त्याला परत द्यावे. वर्षे जसजशी वाढतात तसतसा राखणीचा वाटाही वाढतो. तरी तो सहाव्या हिश्श्यापलीकडे जात नाही. याचा अर्थ, वापरण्याचा अधिकार एक आणि मालकी दुसरी. राजाला पहिला मिळतो, दुसरी मिळत नाही. हा भेद लक्षात ठेवावा. नऊशे वर्षांनंतरच्या नियमांत तो पुन्हा भेटणार आहे.

५/
आता मराठेशाहीतील गाव पाहू. गावच्या जमिनीच्या यादीत 'गतकुळ' अशी एक नोंद असे. ज्या मिरासदाराचे कुळ खुंटले, त्याची जमीन गतकुळ. पण दुष्काळ, स्वारी किंवा सावकारीच्या जाचाने जो नुसता परागंदा झाला, त्याचे काय? मिरासदार पुष्कळ वर्षांनी परतला तरी बाकी वसूल फेडून तो आपली जमीन मागू शकत असे, हे पेशवाईनंतर आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना मोठे नवल वाटले आणि त्यांनी ते नोंदवूनही ठेवले.

६/
हे कसे शक्य होत असे? कारण गावाची स्मृती जागी असे. कुलकर्ण्याच्या दप्तरात नोंद होती. शेजारच्या बांधावरचा माणूस साक्ष देऊ शकत होता. पाटील त्या घराण्याला ओळखत होता. परतलेला माणूस तोच आहे हे ठरवायला कागद अपुरा पडला तर गोतसभा होती. थोडक्यात, हक्क किती काळ टिकतो हे दोन गोष्टींवर ठरत असे : नियम किती वाट पाहतो, आणि माणसाची ओळख कोण जपतो. या धाग्यातील प्रत्येक टप्प्यावर हेच दोन प्रश्न आपण विचारणार आहोत.

७/
सोलापुरात रेल्वे १८६० मध्ये आली. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळाने दख्खनचे शेतकरी आणि विणकर देशोधडीला लावले. त्याच सुमारास सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी उभी राहिली. सोलापूरकरांच्या तोंडी ती आजही 'जुनी मिल' आहे. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या आल्या. मराठी आणि कन्नड मुलखातले शेतमजूर, तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, मोमीन कारागीर एका भोंग्यावर उठू लागले. गावाची ओळख मागे पडली आणि बिल्ल्याचा नंबर ही नवी ओळख झाली.

८/
या कामगारवर्गाचा एक इतिहास आपणा सर्वांना ठाऊक आहे. मे १९३० मध्ये सोलापूर पेटले, लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे चौघे फासावर गेले. चार हुतात्म्यांचे शहर ही सोलापूरची ओळख सार्थ आहे. पण त्याच गिरणगावात म्हातारपणाच्या भाकरीचा दुसरा, कमी गाजलेला लढाही चालू होता. त्याला पुतळे नाहीत. त्याचे अवशेष लोखंडी ट्रंकेत घडी घालून ठेवलेल्या चिठ्ठ्यांत आहेत.

९/
कामगाराच्या उतारवयाची सोय करण्याची कल्पना महाराष्ट्रात बरीच जुनी आहे. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेदजी टाटांनी १८८६ मध्ये पेन्शन फंड आणि १९०१ मध्ये प्रॉव्हिडंट फंड सुरू केला. परंतु असे फंड मालकाच्या मर्जीवर असत. कुठे होते, कुठे नव्हते. कुठे मालकाचा वाटा मिळायला पुष्कळ वर्षांच्या नोकरीची अट असे. १९२५ च्या प्रॉव्हिडंट फंड्स कायद्याने मुख्यतः सरकारी व निमसरकारी फंडांना संरक्षण दिले. सामान्य गिरणी कामगार त्या छत्राबाहेरच राहिला. १९३१ मध्ये व्हिटले आयोगाचा अहवाल आला, १९४६ मध्ये रेगे समितीचा. प्रश्न कागदावर येत गेला.

१०/
मग सोलापुरात एक घटना घडली आणि ती देशाच्या घटनात्मक इतिहासात जाऊन बसली. जुलै १९४९ च्या अखेरीस जुन्या मिलच्या संचालकांनी गिरणी बंद करण्याची नोटीस लावली आणि ऑगस्टअखेर ती खरोखरच बंद झाली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने खास या एका गिरणीसाठी अध्यादेश काढला आणि व्यवस्थापन ताब्यात घेतले. जीवनावश्यक मालाचे उत्पादन घटले आणि समाजाच्या एका भागात गंभीर बेकारी पसरली, अशी कारणे त्यात दिली होती. अध्यादेशाच्या जागी त्याच वर्षी एप्रिलमध्ये कायदा आला.

११/
भागधारक न्यायालयात गेले. चिरंजीतलाल चौधरी खटल्यात, डिसेंबर १९५० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सरकारच्या बाजूने कौल दिला. द्वारकादास श्रीनिवास खटल्यात, डिसेंबर १९५३ मध्ये, निकाल उलट फिरला : भरपाई न देता मालमत्ता हिरावणे घटनेत बसत नाही. १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती ज्या निकालांच्या पार्श्वभूमीवर आली, त्यांत हा एक होता. कायद्याचे विद्यार्थी हे खटले आजही अभ्यासतात. त्यातला वाद भागधारकाच्या मालमत्तेचा होता. कामगाराची मालमत्ता कोणती, हा प्रश्न त्या न्यायालयापुढे नव्हता. त्याचे उत्तर मात्र त्याच काळात दुसरीकडे घडत होते.

१२/
१५ नोव्हेंबर १९५१ रोजी कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीचा अध्यादेश निघाला. मार्च १९५२ मध्ये त्याचा कायदा झाला. आरंभी सहाच उद्योग त्यात होते : सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. पन्नास किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना तो लागू झाला. कामगाराने रुपयास एक आणा द्यायचा आणि मालकानेही तेवढाच घालायचा. म्हणजे सव्वासहा टक्के. पहिल्या वर्षी व्याज तीन टक्के होते. कापड उद्योग पहिल्याच यादीत असल्याने सोलापूरच्या मोठ्या गिरण्या आरंभापासूनच या योजनेच्या कक्षेत आल्या. कामगारांच्या भाषेत हाच तो 'फंड'.

१३/
या कायद्यातील एका तरतुदीचे मोल सावकारीच्या विळख्यातील गिरणगावालाच कळू शकत होते. कामगाराच्या खात्यातील फंडावर सावकाराला जप्ती आणता येत नाही, न्यायालयाचा हुकूमनामा हाती असला तरीही. घरातले भांडे गहाण पडू शकते, फंड पडू शकत नाही. शिवाय मालकाने थकवलेल्या वर्गणीला कारखान्याच्या मालमत्तेवर अग्रहक्क देण्यात आला. १९७३ नंतर तर पगारातून कापलेली रक्कम न भरणे हा दंडसंहितेनुसार फौजदारी विश्वासघात मानला जाऊ लागला.

१४/
मग पैसा हरवतो कसा? कायद्याने इतकी कुंपणे घातलेली असताना तो चोरीस जाण्यापेक्षा विसरला जाण्याचाच धोका अधिक होता. खाते दोन कागदांवर उभे असे : प्रादेशिक कार्यालयातील खतावणी आणि मालकाकडील मस्टर. खाते क्रमांकात आस्थापनेचा संकेतांक असे आणि त्यापुढे सदस्याचा अनुक्रमांक. वार्षिक चिठ्ठी मालकामार्फत कामगाराच्या हाती पडे. नोकरी सोडताना अर्जावर मालकाची सही लागे. म्हणजे गावच्या कुलकर्ण्याची जागा गिरणीच्या टाइमकीपरने आणि हेडक्लार्कने घेतली. माणसाची ओळख जपणारा तोच.

१५/
गाव सहसा बंद पडत नाही. गिरणी बंद पडते. १९८२ च्या संपानंतर मुंबईत जे घडले ते सर्वश्रुत आहे. सोलापुरातही गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थांबत गेले. गिरणीला कुलूप लागले की मस्टर आत, हेडक्लार्क बाहेर, आणि वार्षिक चिठ्ठी बंद. कामगार गावी परतला, कुणी यंत्रमागावर गेला, कुणी भिवंडीला, कुणी सुरतेला. फंडाचा अर्ज करायचा तर सही कुणाची घ्यायची, इथपासून सुरुवात. पुढे बंद आस्थापनांसाठी बँक व्यवस्थापक किंवा राजपत्रित अधिकाऱ्याच्या साक्षांकनाची वाट खुली झाली, पण ती ठाऊक असलेले थोडे.

१६/
सोलापूरची आणखी एक अडचण म्हणजे नावे. इथे मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चार भाषा एका गल्लीत नांदतात. घरी 'राजेशम', गिरणीच्या मराठी हजेरीत 'राजय्या', कार्यालयाच्या इंग्रजी खतावणीत तिसरेच काही. तेलुगू घरांत आडनाव आधी, मराठी दप्तरात ते शेवटी. कारकुनाने ऐकले तसे लिहिले, दुसऱ्याने वाचले तसे उतरवले. जन्मतारीख तर बहुधा अंदाजाने टाकलेली. माणूस हयात असेपर्यंत हे खपून गेले, ओळखणारे होते. तो गेल्यावर त्याच्या मुलाला सिद्ध करावे लागते की हे तिन्ही एकच.

१७/
बदली कामगाराची कथा वेगळी. आरंभीच्या योजनेत सदस्य होण्यासाठी एक वर्षाच्या सलग सेवेची अट होती. दारावर उभे राहून ज्याला रोज काम मिळेलच असे नाही, त्याला ती पुरी करणे कठीण. जे सदस्य झाले पण लवकर सोडून गेले, त्यांना पूर्वीच्या नियमांनुसार मालकाच्या वाट्यातील काही भाग गमवावा लागे. अशी जप्त रक्कम एका वेगळ्या खात्यात साठे. १९६० मध्ये तिच्यातूनच एक विशेष राखीव निधी उभारला गेला. मालकाने वर्गणी बुडवलेल्या कामगारांना त्यातून पैसे देण्यात आले. एका कामगाराच्या तोट्यातून दुसऱ्याचा तोटा भरून निघाला. जप्तीचे ते नियम कालांतराने रद्द झाले.

१८/
गिरण्यांबाहेर सोलापूरचा दुसरा मोठा श्रम म्हणजे विडी. घराच्या उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन हजारो स्त्रिया विड्या वळतात. ३१ मे १९७७ पासून फंडाचा कायदा विडी उद्योगास लागू झाला. घरी काम करणारी बाई आमची कामगारच नव्हे, असे उत्पादकांचे म्हणणे होते. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पी. एम. पटेल खटल्यात ते फेटाळले. कच्चा माल मालकाचा, विडी पारखून नापास करण्याचा अधिकार मालकाचा, मग ती स्त्री त्याचीच कामगार. काम घरात चालते एवढ्याने नाते तुटत नाही.

१९/
या निकालाने लाखो स्त्रियांच्या नावावर प्रथमच स्वतःची अशी बचत आली. पण इथेही ओळखीचा धागा नाजूकच होता. मुलगी आईजवळ बसून विड्या वळायला शिकते, माहेरच्या नावाने कार्ड होते. लग्नानंतर नाव, आडनाव, पत्ता आणि कधी कारखानाही बदलतो. आधीचे खाते जोडले गेले नाही तर ते मागे राहते. एकाच स्त्रीची दोन खाती, दोन नावांनी. आणि वय झाल्यावर हाती एकच पासबुक. यंत्रमागाच्या छोट्या शेडमध्ये तर मोजणीच बाहेर राहते. कायद्याची मर्यादा १९६० च्या अखेरीस पन्नासवरून वीस कामगारांवर आली, तरी वीसपेक्षा कमी माणसांची शेड मोकळीच.

२०/
आता नियमाकडे वळू. सेवा संपल्यावर किंवा सदस्य वारल्यावर छत्तीस महिन्यांत मागणी आली नाही, तर ते खाते 'निष्क्रिय' खात्यांत वर्ग होते. छत्तीस महिने म्हणजे तीन वर्षे. मनुस्मृतीतील मुदतही तीच. दोहोंत काही परंपरागत नाते आहे असे मुळीच म्हणायचे नाही. पण वेगवेगळ्या काळांतील राज्यकर्त्यांना वाट पाहण्याचा सभ्य कालावधी एवढाच वाटावा, हे लक्षणीय आहे. निष्क्रिय म्हणजे बुडीत नव्हे. मूळ रक्कम सदस्याचीच राहते.

२१/
प्रश्न व्याजाचा आला. १ एप्रिल २०११ पासून निष्क्रिय खात्यांवर व्याज देणे थांबवण्यात आले. हेतू असा सांगितला गेला की लोकांनी पैसे नुसते ठेवून न देता काढून घ्यावेत किंवा नव्या खात्यात वळवावेत. पण ज्याला खाते आहे हेच ठाऊक नाही, त्याला व्याज थांबल्याचे कसे कळणार? मिताक्षरेतील राजा राखणीचा वाटा घेत होता, पण त्याला सहाव्या हिश्श्याची सीमा होती. व्याज थांबलेली रक्कम महागाईत दरवर्षी झिजते आणि त्या झिजेला सीमा नाही.

२२/
पाच वर्षांनी धोरण बदलले. नोव्हेंबर २०१६ च्या दुरुस्तीने 'निष्क्रिय' या शब्दाची व्याख्याच आवळली. केवळ नोकरी सुटली म्हणून खाते निष्क्रिय होत नाही. पंचावन्न वर्षांनंतरची निवृत्ती, परदेशी कायमचे स्थलांतर किंवा मृत्यू यांनंतर छत्तीस महिने मागणी न आली तरच होते. म्हणून आकडे वाचताना सावध राहावे. २०१६ मध्ये निष्क्रिय खात्यांत बेचाळीस हजार कोटींहून अधिक रक्कम असल्याचे केंद्रीय श्रममंत्री सांगत होते. २०२३-२४ साठी संसदेत दिलेला आकडा सुमारे ८,५०५ कोटी रुपये आणि साडेएकवीस लाख खाती असा आहे. मधल्या काळात काही पैसे धन्यांना मिळाले, आणि व्याख्याही बदलली.

२३/
शेवटचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. २०१५ च्या वित्त कायद्याने ज्येष्ठ नागरिक कल्याण निधी स्थापन केला. २०१६ मध्ये त्याचे नियम आले. अल्पबचत, पीपीएफ, भविष्यनिर्वाह निधी अशा योजनांतील रक्कम निष्क्रिय ठरल्यावर सात वर्षे कोणी मागितली नाही, तर ती या निधीत जमा करावी, असे ते नियम सांगतात. तिचा उपयोग वृद्धांच्या कल्याणासाठी. धनी किंवा वारस पुढे आला तर त्याला पैसे परत मिळतात. मात्र पंचवीस वर्षांपर्यंतच. त्यानंतर ती रक्कम सरकारजमा होते.

२४/
इथे विज्ञानेश्वर पुन्हा आठवतो. 'राजाने वापरावे, धनी आल्यास परत द्यावे' हे सूत्र या नियमांतही आहे. फरक शेवटच्या ओळीत आहे : परत देण्याचे बंधन पंचवीस वर्षांनी संपते. बँकांतील दहा वर्षे न मागितलेल्या ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. तिथे मात्र ठेवीदाराला मुदतीचे बंधन नाही, तो केव्हाही आपल्या बँकेकडे मागू शकतो. शिकलेल्या ठेवीदाराच्या बँकठेवीला मुदत नाही आणि गिरणी कामगाराच्या फंडाला आहे. ही तफावत कोणी हेतुपुरस्सर केली असे म्हणता येत नाही, पण ती आहे.

२५/
नियमांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सरकारने अनंतकाळ लाखो जुनी खाती सांभाळावीत, हा खर्च शेवटी चालू सदस्यांवरच पडतो. पडून राहिलेला पैसा वृद्धांच्या कामी आला तर त्यात वाईट काय, हा युक्तिवादही पोकळ नाही. पण त्याचे नैतिक बळ एका अटीवर उभे आहे : धन्याला शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न आधी झाला पाहिजे. गावाने परागंदा मिरासदाराला ओळखले, कारण ओळखणारी माणसे तिथे होती. ओळखण्याची यंत्रणा मोडल्यावर 'कोणी आले नाही' असे म्हणणे म्हणजे दार बंद करून पाहुण्याची वाट पाहणे होय.

२६/
यंत्रणा दुरुस्त करण्याचे प्रयत्न झाले, हेही नोंदवले पाहिजे. ऑक्टोबर २०१४ मध्ये सार्वत्रिक खाते क्रमांक, म्हणजे यूएएन, आला. आता क्रमांक माणसाचा आहे, मालकाचा नाही. नोकरी बदलली तरी तो बदलत नाही. गिरणीच्या काळातली मूळ चूक यामुळे सुधारली. थकबाकीच्या बाजूने २००९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांतून आला : राज्य सहकारी बँकेकडे तारण असलेल्या साखरेवरही फंडाच्या थकबाकीचा हक्क आधीचा. पण २०१४ पूर्वी ज्यांनी काम सोडले, त्यांच्या जुन्या क्रमांकांना माणसाशी जोडणारा दुवा आजही तोच : ट्रंकेतील चिठ्ठी.

२७/
म्हणून इतिहासप्रेमी तरुणांना एक विनंती. आपण ताम्रपट, मोडी कागद, वीरगळ शोधतो. तसेच आजोबांच्या ट्रंकेतील कागदही पाहावेत. फंडाची वार्षिक चिठ्ठी, गिरणीचा बिल्ला, हजेरी कार्ड, पगारपत्रक, युनियनची पावती, विडी कामगाराचे ओळखपत्र. चिठ्ठीवर आस्थापनेचा संकेतांक आणि खाते क्रमांक असतो. शोधाची सुरुवात तिथून होते. सदस्य हयात असेल तर फॉर्म १९, वारला असेल तर नामनिर्देशित व्यक्ती वा वारसाने फॉर्म २०. भविष्यनिर्वाह निधीचे कार्यालय सोलापुरातही आहे. अर्जासाठी दलालाची गरज नसते.

२८/
पैशाबरोबर पेन्शनही तपासावी. १९७१ च्या कुटुंब पेन्शन योजनेचा सदस्य सेवेत असताना वारला असेल तर त्याच्या विधवेला दरमहा निवृत्तिवेतनाचा हक्क होता. १६ नोव्हेंबर १९९५ पासून नवी पेन्शन योजना आली. तिच्यात दहा वर्षांची सेवा भरली तर वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापासून पेन्शन. फंड काढून घेतला म्हणजे सारे संपले, असे समजून कित्येकांनी दुसऱ्या हक्काची चौकशीच केली नसेल. कागद फेकण्यापूर्वी एकदा विचारावे. रक्कम लहान निघेल कदाचित. पण ती मागण्याचा अधिकार लहान नाही.

२९/
आणि रक्कम निघाली नाही तरी कागद जपून ठेवावा. गिरण्यांची दप्तरे विखुरली, इमारती पाडल्या गेल्या. कोण कुठल्या खात्यात होते, कोणत्या साली किती पगार होता, कुणाचे नाव कसे लिहिले जाई, याचा पुरावा आता घराघरांतील अशा चिठ्ठ्यांत उरला आहे. स्वच्छ छायाचित्र काढावे. नाव, खाते, गिरणी, वर्ष यांची नोंद करावी. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून उरलेला तपशील लिहून ठेवावा. खाजगी क्रमांक मात्र समाजमाध्यमांवर टाकू नयेत.

३०/
गतकुळ जमिनीची नोंद करताना कुळ खरोखर खुंटले की नुसते परगावी गेले, हे गाव तपासत असे. निष्क्रिय खात्यांच्या बाबतीत तोच प्रश्न विचारायला हवा. सोलापूरच्या गिरणी कामगारांची कुळे खुंटलेली नाहीत. ती पूर्व भागात, विडी घरकुलांत, पुण्यात, भिवंडीत, हैदराबादेत नांदत आहेत. आपल्या घरी असा कागद असेल तर या धाग्याखाली फक्त गिरणीचे नाव आणि साल लिहावे. पुढचा धागा गिरण्यांच्या भोंग्यांवर आणि पाळ्यांच्या वेळापत्रकावर असेल.